कागदवाल्या कुत्र्याचे कान

आमचं कुत्रं बिबट्यानं नेलं, हे मायनं मला फोनवर सांगितलं, आणि तेही आधी तिकडच्या कांद्याच्या भावाची चौकशी झाल्यावर. "आपलं कुत्रं गेलं बाबा. वाघानं नेलं." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी तेव्हा पोर्तुगालमध्ये होतो. प्लास्टिकच्या लांबलचक मांडवांमध्ये वाकून रासबेरी तोडायचं काम होतं. मी बापाचं विचारलं, "आबा कुठं हायत?" माय म्हणाली, "रानातच. दुसरं कुठं जातील?"

फोन ठेवला आणि समोरच्या रिकाम्या क्रेटला अशी लाथ घातली की मुकादम धावत आला. त्याला त्याच्या भाषेत शिव्या देता येत नव्हत्या, म्हणून आपल्या भाषेत दिल्या.

आम्ही धनगर. धारूरच्या डोंगराच्या पायथ्याला गाव. आमची मेंढरं आज याच्या रानात, उद्या त्याच्या रानात बसतात आणि त्यांच्याबरोबर बाप उघड्यावर झोपतो. भोवती वाघर, म्हणजे दोऱ्यांच्या जाळीचं कुंपण, अंगावर घोंगडी, उशाला काठी. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला जातं. मग हाक मारली तर ओ द्यायला शेजारच्या रानात माणूस नसतं. बिबट्या आणि बाप यांच्यात जे काही होतं ते एक कुत्रं होतं. आता तेही नव्हतं, आणि बापाचे गुडघे तर कधीचेच गेलेले.

माझं आणि बापाचं कधी जमलं नाही. परदेशी निघालो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं होतं, "लोकाच्या रानात राबायचं तर कावून एवढ्या लांब जातुस? इथं काय रानं कमी हायत?" मला सोडायलाही आला नाही, मेंढरं घेऊन उलट्या दिशेला गेला. नंतर माय जबरदस्तीनं त्याच्या कानाला फोन लावायची. तो "हां, बरं हाय" म्हणून परत द्यायचा. त्या दिवसांत मी मायकडून निरोप पाठवला, मेंढरं विका आणि घरात झोपा. उलटा निरोप आला, "त्याला म्हणावं, तुजं काम तू बग." दुसरं कुत्रं आणा म्हटलं तर माय म्हणाली, दोन पिल्लं आणून झाली. एक रोगात गेलं आणि दुसरं दिवस मावळला की गावाकडं पळून येतं.

त्या माणसाचा मला इतका राग यायचा की जेवण जात नसे. आणि तो रानात एकटा झोपतो, या विचारानं झोपही येत नसे.

आमच्या मांडवांच्या पलीकडे एका म्हाताऱ्याची मेंढरं चरायची. तिथला उन्हाळा आपल्या उन्हाळ्याच्या तोडीचा. गवत वाळून करकरीत, जमीन तडकलेली. आणि त्या उन्हात मेंढरांच्या मधोमध एक कुत्रं पडलेलं असे. वासराएवढं, मातकट पिवळ्या रंगाचं, डोकं अस्वलासारखं. लोळत असे, पण माणूस ठरावीक अंतराच्या आत आलं की उठून उभं राही. भुंकायचं नाही, नुसतं उभं राहायचं. पहिल्यांदा ते माझ्यासमोर उभं राहिलं आणि मी ठरवलं, हेच पाहिजे.

म्हाताऱ्याचं मात्र काही वेगळंच ठरलेलं होतं. त्याच्या मते मी कोकरू चोरायला आलो होतो. आमच्यासारखे बाहेरचे लोक त्या भागात इतके झाले होते की तिथली माणसं आम्हाला बघून फाटक लावून घेत. दर सुट्टीला मी कुंपणापाशी उभा राहायचो आणि दर सुट्टीला तो काठी हलवून हुसकायचा. मीही हटलो नाही. माझ्या बापानं मला आयुष्यभर हुसकलं, हा कोण लागून गेला!

एकदा त्याची एक मेंढी लंगडत माझ्या बाजूला आली. मी कुंपण ओलांडलं, मागचा पाय धरून तिला उलथी पाडली, खुरात अडकलेला खडा चाकूनं काढला आणि सोडून दिली. म्हातारा काठी उगारून धावत आलेला, तो मध्येच थांबला. मग त्यानं मोबाइल काढला. तो आपल्या भाषेत बोले, मोबाइल हिंदीत सांगे. पहिला प्रश्न आला, मेंढ्या कुणाच्या? मी म्हटलं, बापाच्या. दुसरा प्रश्न, मग तू इथं काय करतोस? बापाचाच प्रश्न, फक्त बाईच्या आवाजात आला. मी कुत्र्याकडे बोट दाखवलं.

त्याच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. शुद्ध जातीची, आजा-पणजापर्यंतचे कागद असलेली. द्यायला तो तयार नव्हता. किती तरी सुट्ट्या मी त्याच्या खनपटीला बसलो. उन्हाळा किती, पाणी किती, मेंढरं किती, लांडगा आहे का, सगळं विचारून झालं. मोबाइलमधला आमच्या मेलेल्या कुत्र्याचा फोटो मी त्याला दाखवला. त्यानं तो जवळ नेऊन बघितला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. कुत्र्याला कान नव्हते. आमच्यात पिल्लू बारकं असतानाच कान कापतात. म्हातारा काहीतरी बोलला आणि मोबाइलमधली बाई गोड आवाजात म्हणाली, "यह काम जंगली लोग करते हैं."

माझं डोकं फिरलं. पण त्याच्या हातात पिल्लू होतं. ते माझ्याकडे देण्याआधी त्यानं त्याचा कान दोन बोटांत धरला आणि मान हलवली. मीही मान हलवली. कापणार नाही, कुणाला कापू देणार नाही. हातात हात दिला. खरं सांगतो, फसवायचं म्हणून दिला नव्हता. मलाही ते कापणं लहानपणापासून बघवत नसे.

पुढची लस, चिप, दाखले, परवानगी यांची कटकट सांगत बसत नाही. मी कायमचा परत निघालो होतो म्हणून सोबत कुत्रं आणता आलं, एवढंच. खोलीतला आपल्याच जिल्ह्यातला एक जण म्हणाला, "येड लागलं का बे तुला? लोक टीव्ही नेत्यात, सोनं नेत्यात. कुत्र्यांची काय कमी हाय बीडात?" त्यानं महिनाभर मला कुत्रेवाला म्हणून हाक मारली. मीही महिनाभर त्याच्या वाटणीच्या भाजीत मीठ जास्त घातलं.

विमानतळावर पिंजरा माझ्या हाती आला तेव्हा पिल्लू आतल्या कोपऱ्यात थरथरत होतं आणि अंगभर ओकलेलं होतं. मी हाक मारली तसं त्यानं जाळीतून नाक बाहेर काढलं आणि माझी बोटं चाटायला लागलं. सगळ्या प्रवासात मला चांगलं वाटलं ते तेवढंच. तपासणारे साहेब म्हणाले, "कुठं नेणार? बीड? त्या उन्हात?" मी म्हटलं, ज्या उन्हातून आणलंय त्या उन्हापुढं तुमची मुंबई थंड पडेल. गाडीवाला वासावरून जो सुरू झाला तो नगर ओलांडेपर्यंत थांबला नाही. मांजरसुंब्याला चहाला उतरलो तर माणसं गोळा झाली. "सिंहाचं हाय का?" "किती मोठं व्हईल?" "खातंय काय पण हे?" मी म्हटलं, तुमचं डोकं खातंय. एकानं तरीही त्याच्याबरोबर फोटो काढला.

घरी मायनं भाकरतुकडा ओवाळला. आधी माझ्यावरून, मग कुत्र्यावरून. कुत्र्यानं ओवाळलेला तुकडा खाऊन टाकला. माय हसून रडायला लागली.

बाप आला तो चार दिवसांनी, पीठ न्यायला. माझ्याकडे बघितलं नाही. सरळ पिल्लापाशी बसला. पंजा दाबून पाहिला, तोंड उघडून टाळू पाहिली, पाठीवरून हात ओढला. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला कळलं. त्याला ते आवडलं होतं. मग त्यानं कान उचलला, सोडला आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"कान?"

"कान न्हाई कापायचे," मी म्हणालो. "शब्द देऊन आलोय."

"कुणाला?"

"ज्यानं दिलं त्याला."

"मंग त्याच्याच मेंढरात सोडायचं व्हतं," असं म्हणून त्यानं पीठ उचललं आणि निघून गेला.

कान असलेलं कुत्रं आमच्यात मेंढरांमागं जात नाही. जुनी माणसं म्हणतात, जनावराच्या दातात आधी कान सापडतो. बोरी-बाभळीत फाटतो, गोचिडांनी भरतो. मला यातलं काही पटत नाही. तेव्हाही पटत नव्हतं आणि आजही पटत नाही. बिबट्या कान धरायला येत नसतो, नरडं धरायला येतो. आमच्या आधीच्या कुत्र्याला कुठं कान होते? त्याला नेलंच ना? हे मी रानात जाऊन बापाला तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "त्यो म्हातारा झालता." झालं! यापुढं काय बोलायचं?

असे कित्येक आठवडे गेले. पिल्लू घरी माझ्या खाटेला बांधलेलं. माय त्याला दूधभाकरी कुस्करून घाली. ते मोटारसायकलींवर भुंकायला शिकलं, दुपारी पंख्याखाली येऊन पसरायला शिकलं. समुद्रापलीकडून आणलेलं राखणीचं कुत्रं माझ्या डोळ्यांदेखत घरातलं कुत्रं होत चाललं होतं. आणि बाप तिकडं एकटा झोपत होता. दोरीला धरून मी त्याला मेंढरांकडे घेऊन जाई. बाप लांबूनच ढेकळं मारी. लागू देत नसे, पण जवळही येऊ देत नसे. "कानवालं कुत्रं माज्या मेंढरात न्हाई. त्याचे कागद हायत म्हणं. कागद पुढं कर मंग, वाघ आल्यावर!"

"मग मरा तिकडं!" मी ओरडलो. शिवारभर ऐकू गेलं असणार. घरी आलो तर मायपर्यंत आधीच पोचलेलं. तिनं ताट माझ्यापुढं आदळलं आणि म्हणाली, "तू त्याच्यावर गेलास, त्योच नमुना."

मधल्या काळात एकदा जनावरांच्या डॉक्टरांना विचारून पाहिलं होतं, अगदीच कापायचे झाले तर तुम्ही भूल देऊन कापाल का. त्यांनी मलाच झापलं. हे असलं काम मी करणार नाही, तुम्हीही करू नका, कायद्यात बसत नाही आणि माणुसकीतही बसत नाही. बरोबर बोलत होते. त्यांचाही राग आला.

मग एका सकाळी मायनं भाकरी देऊन मला रानात पाठवलं. मेंढरं नांगरलेल्या रानात बसवलेली होती. बाप वाघर शिवत होता. मेंढरं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढल्यागत दाटलेली. मी भाकरी ठेवायला वाकलो आणि मऊ मातीत एक ओढल्याचा माग दिसला. वाघरीच्या फाटक्या जागेतून निघून तो बापाच्या अंथरुणाच्या पायथ्याला लागूनच पलीकडच्या उसाकडे गेला होता. त्याच्या बाजूनं पावलं उमटलेली होती, माझ्या तळहाताएवढी. घोंगडीची कड रक्तानं ताठ झाली होती.

"काय झालं?"

"काय न्हाई. कोकरू गेलं."

"तुमच्या पायावरून नेलं?"

"पायावरून न्हाई. पायापासून."

वर बघितलंही नाही. दोरा दातात धरून गाठ मारायला गेला, गाठ बसेना. पुन्हा गेला, पुन्हा निसटली. उभ्या जन्मात त्या माणसाची गाठ निसटलेली मी बघितली नव्हती. मला वाटलं त्याच्या हातातून ती जाळी हिसकावून त्याला घरी फरफटत न्यावं. मला बिबट्याचा राग आला, बापाचा आला, त्या म्हाताऱ्याचा आला, जंगली लोग म्हणणाऱ्या त्या मोबाइलमधल्या बाईचा आला. सगळ्यात जास्त त्या दोन लोंबत्या कानांचा आला.

घरी गेलो. कुत्रं सोडलं. मायनं विचारलं, कुठं नेतुस, तोवर मी अंगणाबाहेर पडलो होतो. कुत्रं आनंदानं पुढं उड्या मारत, मध्येच वळून माझ्याकडे बघत रानात आलं.

"कापा," मी म्हणालो.

बापानं माझ्याकडे बघितलं. तो जिंकला होता, पण तोंडावर तसं काही नव्हतं. त्यानं कान हातात घेऊन चाचपला. "आता जाड झालेत. बारकं असताना कापायचं असतंय. लई रगत येईल. दुखंल लई."

"कापा म्हणलं ना!"

"मंग धर. ज्यानं आणलं त्यानं धरायचं असतंय."

ते कुठल्या शास्त्रात लिहिलंय ते त्यालाच ठाऊक. पण मी धरलं. गुडघ्यांत अंग, दोन्ही हातांत डोकं. त्याला वाटलं खेळतोय. शेपूट हलत होतं. बापानं लोकर कातरायची कातर चुलीच्या निखाऱ्यात धरून आणली. पहिल्या कानाला ते जे ओरडलं ते मला अजून ऐकू येतं. दुसऱ्या कानाला कुत्र्यानं माझं मनगट धरलं आणि दात पार रुतवले. मी सोडलं नाही. सोडलं असतं तर अर्धवट कापून राहिलं असतं. माझं रक्त कुठलं आणि त्याचं कुठलं हे कळेनासं झालं.

बापानं हळद भरली, राख दाबली, फडकं बांधलं. मी हात सोडल्याबरोबर कुत्रं माझ्यापासून लांब सरपटत गेलं, थेट बापाकडं. त्यानं त्याला मांडीवर घेतलं. एक दुभती मेंढी ओढून अ‍ॅल्युमिनियमच्या वाडग्यात तिचं दूध काढलं आणि बोटानं चाटवलं. त्याच्याशी बोलत होता. काय बोलत होता ते ऐकू आलं नाही. इतक्या मऊ आवाजात तो कधी माझ्याशी बोललेला आठवत नाही. कातर त्याच्या हातात होती आणि दात माझ्या मनगटात रुतले होते. कुत्र्याच्या हिशेबात गुन्हेगार मी.

दवाखान्यात जाऊन सुया टोचून घेतल्या. कुत्र्यालाही डॉक्टरांकडून दुखण्याचं औषध आणलं, शिव्या खाऊन. जखमा भरल्या. पोर्तुगालचा म्हातारा अधूनमधून फोटो मागायचा. लपवणं माझ्याच्यानं झालं नाही. मेंढरांत बसलेल्या, बिनकानाच्या कुत्र्याचा फोटो पाठवला. नंतर पाहिलं तर त्यानं माझा नंबरच बंद करून टाकला होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. पण माझ्या जागी तो असता तर त्यानं काय केलं असतं, हे मात्र त्याला विचारायचं राहून गेलं.

कुत्रं घरी परत आलं नाही. मायनं दोनदा दूधभाकरी पाठवली, तर बापानं सांगितलं, लाडावू नका. बघता बघता ते वाढलं.

उन्हाळ्यात एकदा भाकरी घेऊन मी गेलो. मेंढरं लिंबाखाली बसली होती. बाप सावलीत आडवा, तोंडावर फेटा घेऊन चक्क दुपारचा झोपलेला. रानात दिवसा झोपलेला बाप मी पहिल्यांदाच बघत होतो. मी बांध ओलांडला आणि मेंढरांतून कुत्रं उठलं. भुंकलं नाही. माझ्या आणि बापाच्या मध्ये येऊन उभं राहिलं.

मी त्याला हाक मारली. विमानतळावर मारली होती तशीच. त्यानं ओठ वर ओढले. एक पाऊल पुढं टाकलं तर घशातून असा आवाज काढला की मी होतो तिथंच थिजलो. मनगटावरचे वण झोंबायला लागले.

बाप जागा झाला. उठला नाही. फेटा जरासा सरकवून बघितलं.

"आबा, बोलवा त्याला. मी हाय."

"त्याला ठावं हाय तू कोण ते," बाप म्हणाला. "भाकर तिथंच ठिव अन् जा. त्याला तू चालत न्हाईस."

मला राग आला. मी भाकरी बांधावर ठेवली. कुत्रं हललं नाही. बापानं फेटा पुन्हा तोंडावर ओढला आणि कूस बदलली. कातरीखाली मी ज्याला सोडलं नव्हतं, त्या कुत्र्यानं मला एक पाऊलही पुढं सोडलं नाही. आता उसातून जे कुणी येईल, त्यालाही सोडणार नाही.